वजा पंधरा सेंट

“काका, मोकळी ई द्या ना एकदा,” शार्लट म्हणाली.

“मोकळी कशाला?” बस्त्यावकाकांनी गिटार पोटाशी ओढून घेतली. “कॉर्ड घे की, सगळ्या तारा मिळून. हा घे जी.”

त्यांनी डाव्या हाताची तर्जनी सहाही तारांवर आडवी दाबली, उरलेली बोटं जागच्या जागी बसवली आणि उजव्या हाताने एकच फटका मारला. चर्चमागच्या सभागृहातल्या पत्र्याच्या खुर्च्यांनीही त्याला साथ दिली.

“जी नको, काका. एकेक मोकळी तार हवी, बोट न दाबता. कीबोर्डशी जुळते का ते बघते. आम्हाला क्लासमध्ये तसंच शिकवलंय.”

“तीस वर्षं जुळत होती.”

“तीस वर्षं कीबोर्ड नव्हता ना.”

शार्लट मच्याडो तेव्हा वीस वर्षांची होती, आणि वांद्र्याला जाऊन संगीताच्या पाच परीक्षा देऊन आली होती. नवा कीबोर्ड तिच्यासाठीच घेतला होता. तिने काकांची वाट न पाहता हात पुढे करून गिटारची जाड ई छेडली आणि दुसऱ्या हाताने कीबोर्डवरची ई दाबून धरली. दोन्ही सूर एकमेकांना घासत, थरथरत राहिले. ते माझ्यासारख्या संगीतशून्य माणसालाही कळलं.

“उतरलीय,” ती म्हणाली.

“उतरलेली नाही,” काका म्हणाले.

फादर एलायस खुर्चीतून उठले आणि माझ्याकडे वळले. मला तिथे बोलावलं होतं ते याच क्षणासाठी.

मी इग्नास तुस्कानो. वसईजवळच्या आमच्या गावातून रोज बसने जाऊन एका कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत होतो. माझ्याकडे एक ट्यूनर होता. सहकाऱ्याने सिंगापूरहून आणलेला, हाताच्या तळव्याएवढा. सूर बरोबर असेल तर मधला हिरवा दिवा लागे. उतरला असेल तर डावीकडचा तांबडा, चढला असेल तर उजवीकडचा. शिवाय चूक किती ते पडद्यावर सेंटमध्ये दिसे. शेजारशेजारच्या दोन सुरांमधल्या अंतराचे शंभर भाग केले, की त्यातला एक भाग म्हणजे एक सेंट. वर्गात ध्वनी शिकवताना तो ट्यूनर मी मुलांपुढे धरत असे. गावात तेवढ्यावरच माझी या विषयातला तज्ज्ञ म्हणून ख्याती झाली होती, आणि मी ती खोडून काढली नव्हती.

“सर, तुम्ही मोजा आणि सांगा,” फादर म्हणाले. “तीन आठवड्यांवर लग्न आलंय. नवऱ्याकडची माणसं वांद्र्याची आहेत. ती गाणं ऐकतात.”

लग्न बस्त्यावकाकांच्याच मुलीचं होतं. ज्युडिथ बारावीला माझी विद्यार्थिनी होती. तिच्या बाप्तिस्म्याच्या वेळी काकांनी स्वतः एक गीत रचलं होतं. तिची आई ते गात असे आणि काका गिटार धरत. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. लग्नाच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, कम्युनियनचा प्रसाद वाटून झाल्यावर, पुढच्या बाकावरून उठून गायकवृंदाकडे जायचं आणि ते गीत गिटारवर वाजवायचं, एवढंच काकांनी ठरवलं होतं. बाकी लग्न तुमचं तुम्ही करा, असं ते दोन्हीकडच्या मंडळींना सांगून मोकळे झाले होते.

मी ट्यूनर गिटारला टेकवला आणि वहीत एकाखाली एक सहा आकडे लिहिले. जाड ई वजा पंधरा. ए वजा सोळा. डी वजा चौदा. जी वजा सतरा. बी वजा तेरा. बारीक ई वजा पंधरा.

“सहाच्या सहा उतरलेल्या आहेत,” मी जाहीर केलं.

“मोकळ्या,” काका म्हणाले.

“म्हणजे?”

“मोकळ्या तारा उतरलेल्या आहेत. पण मोकळ्या तारा मी वाजवतोच कुठे?”

वादात सापडलेला माणूस विषय कसा बदलतो याचा उत्तम नमुना म्हणून मी ते वाक्य ऐकलं. “काका,” मी वर्गातल्या आवाजात म्हणालो, “तराजूचा काटा रिकाम्या पारड्यांनाच शून्यावर नसेल, तर वजन केल्यावर बरोबर कसा येईल?”

“तराजू नाही रे ही. गिटार आहे.”

“मोजमापाला त्याने फरक पडत नाही.”

“तुझ्या मोजमापाला पडत नसेल.”

मी खुंट्या पिळून सहाही तारा शून्यावर आणल्या. सहा वेळा हिरवा दिवा लागला. प्रत्येक वेळी मी तो फादरना दाखवला. तारांना उचलून धरणाऱ्या घोडीखाली करवंटीची एक घासून गुळगुळीत केलेली पट्टी बसवलेली दिसली. काका रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये सुतार होते. त्यांच्या घरात अशी एकही वस्तू नव्हती जिच्याखाली त्यांनी काहीतरी सरकवलेलं नव्हतं. मी ती पट्टी पाहिली आणि सोडून दिली.

काकांनी गिटार घेतली, पुन्हा सगळ्या तारा आडव्या दाबून जी वाजवला आणि दात दुखावा तसा चेहरा केला.

“चढला.”

“काका, दिवा बघा.”

“दिव्याला कान आहेत का?”

“दिव्याला हट्ट नाही, एवढं नक्की.”

शार्लटने कीबोर्डवर तोच कॉर्ड दाबला आणि तिच्याही कपाळाला आठी पडली. “सर, अजून काहीतरी…”

“काका फार जोराने दाबतात,” मी सांगून टाकलं. खरं तर हे उत्तर अर्ध्याहून जास्त बरोबर होतं. पण मी ते दोष म्हणून नोंदवलं, आणि दोषी माणूस सापडल्यावर पुढे शोधायचं काही उरत नाही.

त्यानंतरचे दोन आठवडे मला आजही आठवले तरी डोकं तापतं. सराव मंगळवारी आणि शुक्रवारी असे. मंगळवारी मी जाऊन तारा शून्यावर आणून ठेवायचो. शुक्रवारी त्या पुन्हा वजा पंधराच्या आसपास असायच्या.

“काका, खुंट्यांना हात लावलात?”

“हवा दमट आहे. तारा सैल पडतात.”

“दमट हवा सहा तारांना एकाच मापाने सैल करत नाही.”

“आपली हवा शिस्तीची आहे.”

पुढच्या मंगळवारी मी बायकोची नखं रंगवायची बाटली नेली आणि प्रत्येक खुंटीवर लाल खूण केली. खुंटी फिरली तर खूण सरकलेली दिसावी म्हणून. शुक्रवारी सगळ्या खुणा सरकलेल्या होत्या, आणि एका खुंटीवर मी न केलेली दुसरी, जास्त सुबक खूण होती.

“ही कोणी केली?”

“तू कुठून कुठे नेतोस ते मलाही कळायला नको?” काका म्हणाले. “ती माझी जागा. ही तुझी.”

“फादर, तुम्हीच बघा आता!”

फादर बघून दमले होते. गायकवृंदातल्या बायका आमचा तंटा सुरू झाला की घरच्या भाज्या निवडायला काढत. एकदा मी साधा जी मोकळ्या तारांवर तीन बोटांत कसा वाजतो ते पुस्तकातून दाखवलं आणि काकांना विचारलं, की उगाच सगळी पकड आडवी दाबून बोटांना घट्टे पाडून घेण्यात कोणतं शौर्य आहे? काका पुस्तकाकडे पाहून म्हणाले, “ह्या माणसाची गिटार वेगळी आहे.” मी हात जोडले. दुसरं काय करणार?

त्या शुक्रवारी फादरनी निर्णय दिला. गिटार सरांनी लावलेलीच राहील. काकांनी तशीच वाजवायची. जमत नसेल, तर लग्नात कीबोर्ड एकटाच वाजेल.

काकांनी तशी वाजवून पाहिली. आपलंच गीत, पहिलं कडवं. चौथ्या ओळीला ते थांबले. शार्लट कीबोर्डवर त्यांच्याबरोबर होती. तिनेही हात उचलले. ते बेसूर होतं, हे सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि गिटार यंत्राने प्रमाणित केलेली होती. मग उरलं कोण?

काकांनी गिटार पेटीत ठेवली, दोन्ही कड्या लावल्या आणि पेटी माझ्यापुढे धरली.

“तुझ्याकडे ठेव.”

“मी काय करू तिचं?”

“लाव. तुला लावता येते.” मग ते फादरना म्हणाले, “कान गेला असेल. वय झालं. वेळेवर कळलं ते बरं झालं.”

दोन आठवड्यांत त्यांनी पहिल्यांदाच माझं म्हणणं मान्य केलं होतं. मी पेटी सायकलच्या कॅरिअरला बांधली. प्रामाणिकपणे सांगायचं, तर घरी जाताना मला समाधान वाटत होतं.

लग्नाला दोन दिवस उरले असताना, गुरुवारी दुपारी, ज्युडिथ आमच्या घरी आली. हाताला मेंदी लावायची घाई सोडून आली होती.

“सर, रागावणार नसाल तर एक विचारू? तुमच्या आकड्यांत काही चूक असू शकते का?”

“आकडे मी पुन्हा पुन्हा घेतलेत.”

“तसं नाही…” ती खुर्चीच्या कडेवर बसली. “पप्पा कसे आहेत तुम्हाला माहीत आहे. कुकरच्या शिट्टीलाही बेसूर म्हणणारे. काल संध्याकाळी चर्चची घंटा झाली, तर मला हळूच विचारतात, ‘बाय, घंटा नीट वाजतेय ना?’ सर, आमची घंटा! मी पाळण्यात असल्यापासून तीच आहे.”

मी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला.

“आज सकाळी बँडवाला आला, कुठली गाणी वाजवू विचारायला. म्हणाले, तुम्हाला बरी वाटतील ती वाजवा, मला त्यातलं कळत नाही.”

“ज्युडिथ, वय झालं की श्रवणशक्ती कमी होते. त्यात कोणाचा अपमान नाही.”

“कमी ऐकू आलं असतं तर मी मानलं असतं. मी स्वयंपाकघरात चमचा खाली ठेवला तरी त्यांना अंगणात ऐकू येतं.” तिने कोपऱ्यातल्या पेटीकडे पाहिलं. “उघडू?”

तिने गिटार मांडीवर घेतली आणि जी धरला. बापासारखाच, सगळ्या तारा आडव्या दाबून. बोटांची टोकं पांढरी पडली.

“तूसुद्धा अशीच वाजवतेस? पुस्तकातला सोपा जी का नाही?”

“पप्पांनी कधी वाजवूच दिला नाही. ह्या गिटारची मोकळी तार खोटं बोलते, म्हणायचे. पूर्वी चर्चमध्ये माइक नव्हता ना. लोक गायला लागले की गिटार बुडून जायची. मग त्यांनी करवंटी घासून घोडीखाली घातली. तारा उंच झाल्या, आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायला लागला. पण म्हणाले, त्या दिवसापासून मोकळ्या तारेचं आणि दाबलेल्या तारेचं पटेना.”

मी तिच्या हातातून गिटार घेतली.

तारांखाली पोलादी पट्टी धरली. तारेच्या मध्यावर, मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपैकी म्हणजे पडद्यांपैकी बाराव्यापाशी, तारा पाच मिलीमीटर उंच होत्या. शार्लटच्या वर्गातल्या गिटारी यापेक्षा निम्म्या उंचीच्या असतील. मी ट्यूनर टेकवून मोकळी जाड ई छेडली. हिरवा दिवा. शून्य, मीच आणलेलं शून्य. मग तीच तार तिसऱ्या पडद्यावर दाबून छेडली. उजवीकडचा तांबडा दिवा लागला. अधिक पंधरा.

ए. मोकळी शून्य. दाबून, अधिक सोळा.

मी वही काढली आणि त्या पहिल्या दिवसाच्या आकड्यांशेजारी दुसरा रकाना लिहीत गेलो. डी अधिक चौदा. जी अधिक सतरा. बी अधिक तेरा. बारीक ई अधिक पंधरा.

दोन्ही रकान्यांची प्रत्येक ओळीत बेरीज केली. सहाही ठिकाणी शून्य.

तार जितकी उंच, तितकी ती पडद्यापर्यंत खाली दाबताना जास्त ताणली जाते. ताण वाढला की सूर चढतो. हे मी अकरावीच्या मुलांना सतरा वर्षं शिकवत होतो. त्याला उपकरणही लागत नाही, फक्त तार दाबून पाहावी लागते. मी तीन आठवड्यांत सहा मोकळ्या तारा निदान पन्नास वेळा मोजल्या होत्या, आणि जी तार कोणी वाजवतच नव्हतं तिच्याबद्दल अचूक निष्कर्ष काढला होता. काका प्रत्येक तार दाबल्यावर जेवढी चढेल तेवढीच आधी उतरवून ठेवत होते. नुसत्या कानाने, प्रत्येक तारेला वेगळं माप. बिघडलेला कान सहा तारांवर इतका काटेकोर चुकत नाही. तो पहिला रकाना लिहिताना माझ्यासारख्या माणसाला हे दिसायला हवं होतं.

“काय झालं, सर?” ज्युडिथने विचारलं.

“आकडे बरोबर आहेत,” मी म्हणालो. “चल.”

त्यांच्या अंगणात मांडव चढत होता. बस्त्यावकाका फाटकाला केळीचे खुंट बांधत होते. मी वही उघडून त्यांच्यापुढे धरली आणि सगळं सांगितलं. ताण, उंची, दोन रकाने, बेरीज. त्यांनी सुंभाची गाठ पुरी केली.

“पहिल्या दिवशी मी काय म्हणालो होतो?”

“मोकळ्या तारा मी वाजवतोच कुठे, असं म्हणाला होता.”

“मग?”

“मला वाटलं, तुम्ही विषय टाळताय.”

“पदवी आहे ना रे तुझ्याकडे?”

“दोन आहेत.”

“तरीच.” त्यांनी दुसरा खुंट उचलला. “सांगितलंस, बरं केलंस. आता जा. चहा घेऊन जा.”

“काका, गिटार आणलीय. शनिवारी तुम्ही वाजवताय. फादरना मी सांगतो.”

“नको.”

“अहो, पण तुम्ही बरोबर होता! मी लिहून देतो.”

“तू लिहून देशील रे.” ते पहिल्यांदाच माझ्याकडे वळले. “पण आता मी मनातल्या मनात जी धरतो तेव्हा मला जी ऐकू येत नाही. तुझा दिवा दिसतो. हिरवा की तांबडा, एवढंच येतं डोक्यात. असा माणूस पोरीच्या लग्नात उभा राहील होय?”

मला खरोखर संताप आला; त्यांचा, माझा, त्या तळव्याएवढ्या यंत्राचा. मी पेटी मांडवातल्या बाकावर ठेवली, गिटार काढली आणि त्यांच्यादेखत सहाही खुंट्या वाटेल तशा पिळल्या. एक वर, एक खाली, दोन भलत्याच.

“अरे, अरे! काय करतोस!”

“बिघडवली. आता तुम्ही लावा. मोकळी तार न छेडता, तुमच्या पद्धतीने. मग मी तारा दाबून मोजतो. यंत्र तोवर पालथं राहील.”

“आणि चुकलो तर?”

“तर मी गप्प बसेन.”

“तू?” काका म्हणाले. मांडववाले हसले.

त्यांनी हात धोतराला पुसले आणि बाकावर बसले. ज्युडिथने घरातून त्यांची सुराची पितळी शिट्टी आणली आणि एकदाच फुंकली. काकांनी पकड आडवी दाबली. फटका मारला. तोंड वाकडं केलं. खुंटी पिळली. पुन्हा दाबलं. मध्येच ते थांबले, डोळे मिटून बसले, आणि मला वाटलं, संपलं, त्यांना दिवाच दिसतोय. मग त्यांनी ज्युडिथला पुन्हा शिट्टी फुंकायला सांगितलं. चहा निवला. शेवटी त्यांनी एक पूर्ण जी वाजवला आणि गिटार माझ्याकडे सरकवली.

“मोज.”

मी ट्यूनर सुलटा केला, त्यांच्याकडे पाठ करून. तिसऱ्या पडद्यावर एकेक तार दाबत गेलो. शून्य. शून्य. शून्य. शून्य. बी वजा चार. बारीक ई शून्य.

वजा चार. चार सेंट म्हणजे जवळपास काही नाही. वांद्र्याच्या पाहुण्यांपैकी एकालाही तो फरक कळला नसता. मी आयुष्यात विद्यार्थ्यांचे कितीतरी प्रयोग खोट्या आकड्यांसाठी परत पाठवले आहेत. मी ट्यूनर बंद करून खिशात टाकला.

“सहाही शून्य,” मी म्हणालो.

काकांनी गिटार घेतली. जी धरून एकदा हलक्या हाताने वाजवला, मान तिरकी केली आणि माझ्याकडे पाहिलं.

“बी उतरलीय,” ते म्हणाले.

“शून्य आहे, काका. मी आत्ता पाहिलं.”

“खोटं बोलतोस.” त्यांनी खुंटी केसभर पिळली, पुन्हा वाजवला, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर कसलीही आठी नव्हती. “ज्युडिथ, फादरकडे जा आणि सांग, शनिवारी मी वाजवणार. आणि हेही सांग, की शेवटची तार मला लावावी लागली. प्रोफेसरच्या भरवशावर राहिलो असतो, तर वांद्रेकर हसले असते.”